आरशाखालची तीन बटणं

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये एखाद्या मराठी कुटुंबाकडे पाहुणे गेले, की त्यांना घराचं पुढचं दार दिसतं, पायरी दिसते, दसऱ्याला लावलेलं तोरणही दिसतं. घरची माणसं मात्र त्या दाराने क्वचितच ये-जा करतात. ती गाडीसकट गॅरेजात शिरतात आणि गॅरेजातल्या आतल्या दाराने थेट स्वयंपाकघराजवळ उगवतात. अमेरिकी उपनगरांत घराचा रोजच्या वापरातला दरवाजा म्हणजे मोटरीवर वर-खाली सरकणारी ही भलीमोठी झडप. आणि तिची किल्ली रेडिओलहरींची असते.

ही किल्ली गाडीतच बसवून देण्याची सोय गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आली. आरशाच्या कडेला, छतातल्या दिव्यांजवळ किंवा सनव्हायझरवर तीन छोटी बटणं असतात, त्यांवर बहुधा घराचं इवलंसं चित्र. बहुतेक गाड्यांत या यंत्रणेचं नाव ‘होमलिंक’. गॅरेजबरोबर आलेला हातातला रिमोट सनव्हायझरला अडकवून हिंडण्यापेक्षा हे केव्हाही बरं : बॅटरी बदलायला नको, रिमोट हरवायला नको, काच फोडून कुणी तो उचलून न्यायला नको. फक्त एकदा जुळणी करायची. ती एकदाची जुळणीच भल्याभल्यांना दमवते. सॉफ्टवेअरमध्ये पोट भरणारा माणूस गाडीची पुस्तिका मांडीवर घेऊन चालकाच्या सीटवर बसलेला, दिवा लुकलुकतोय आणि दार ढिम्म हलत नाही, हे दृश्य अमेरिकेत दुर्मीळ नाही.

पुस्तिकेतली कृती साधारण अशी असते. गाडी नवी असेल किंवा आधीच्या मालकाची असेल, तर प्रथम जुनी स्मृती पुसायची. त्यासाठी कडेची दोन बटणं एकदम दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. जुन्या गाड्यांत याला वीसेक सेकंद लागतात, नव्यांत दहा. मग हातातला रिमोट आरशातल्या बटणांपासून एक ते तीन इंचांवर धरायचा आणि रिमोटचं बटण व गाडीतलं हवं ते बटण एकाच वेळी दाबून ठेवायचं. सुरुवातीला दिवा सावकाश लुकलुकतो. गाडीला संदेश ‘कळला’ की भराभर लुकलुकू लागतो. काही नव्या आरशांत तो पिवळट नारिंगीचा हिरवा होतो. इथे बहुतेक लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, बटण दाबतात, आणि काही घडत नाही.

कारण काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं गाडीत नाही, गॅरेजच्या छताला टांगलेल्या मोटरीवर आहे. शिडी लावून वर चढायचं. मोटरीच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, अँटेनाची तार लोंबते तिथे जवळच एक छोटं रंगीत बटण असतं. त्यावर ‘लर्न’ किंवा ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं. ते एकदा दाबून सोडायचं. दाबून धरायचं मात्र नाही. तिथून साधारण तीस सेकंदांत गाडीत परत यायचं आणि गाडीतलं बटण दोन सेकंद दाबून सोडायचं. दार हललं नाही तर पुन्हा दोन सेकंद, गरज पडली तर तिसऱ्यांदा. घरात दोन माणसं असतील तर एक शिडीवर आणि एक गाडीत, ही सगळ्यात सोपी विभागणी. एकट्याने करायचं तर शिडीवरून उतरण्याची घाई होते आणि त्या घाईत तीस सेकंद निघून जातात.

बिघडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. हातातल्या रिमोटची बॅटरी मरणपंथाला लागलेली असेल तर दार उघडण्यापुरता जीव तिच्यात असतो, पण गाडीला नीट ‘ऐकू’ जाईल इतका सलग संदेश ती देत नाही. नवी बॅटरी घालून बसणं हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय. कॅनडात वेगळीच अडचण येते. तिथल्या नियमांनुसार रिमोटला एकदोन सेकंदांनी आपोआप गप्प बसावं लागतं, त्यामुळे गाडीतलं बटण दाबून धरायचं आणि रिमोटचं बटण मात्र दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबत राहायचं. अमेरिकेतल्या काही फाटकांच्या रिमोटनाही हीच युक्ती लागते. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरांत आणि ‘कॅनडातील ग्राहकांसाठी’ या मथळ्याखाली, त्यामुळे कॅलिफोर्नियातला माणूस ते वाचतच नाही.

पण एकाच कामाचे हे दोन तुकडे का? रिमोटने गाडीला शिकवलं, मग मोटरीला वेगळं का शिकवायचं? पुस्तिका याचं उत्तर देत नाही, आणि ते न दिल्यामुळेच माणसं पहिल्या टप्प्यावर थांबतात. ते उत्तर गॅरेजच्या दाराच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

वर सरकणारं दार १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी काढलं आणि १९२६मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. इंडियाना राज्यातल्या हार्टफर्ड सिटीत त्यांचा कारखाना होता. रेडिओवर उघडणारं दार सामान्य घरांत यायला मात्र दुसरं महायुद्ध उलटावं लागलं. १९५४च्या सुमारास ओहायोतल्या अलायन्स गावच्या कंपनीने ‘जिनी’ नावाची दार उघडणारी यंत्रणा बाजारात आणली. सुरुवातीचे रिमोट भाबडे होते : ठरलेल्या वारंवारतेवर लहर आली की दार उघडायचं. शेजाऱ्याने तीच कंपनी निवडली असेल तर त्याच्या बटणाने आपलंही दार वर जायचं.

त्यावर उपाय म्हणून रिमोटच्या पोटात इवल्या खटक्यांची रांग आली. आठ ते बारा खटके, प्रत्येक वर किंवा खाली. रिमोटमध्ये जी मांडणी तीच मोटरीवर. आठ खटक्यांत २५६ मांडण्या होतात, बारात ४,०९६. या रिमोटचा संदेश कायम तोच. एकदा ऐकला की कुणालाही तो जसाच्या तसा पुन्हा पाठवता येतो. पण चोराला ऐकण्याचीही गरज नाही. सगळ्या मांडण्या एकामागून एक पाठवत गेलं तरी कधीतरी दार उघडणारच.

किती वेळात, हे २०१५ साली सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने दाखवलं. ‘आयएम-मी’ नावाचं मॅटेल कंपनीचं मुलींसाठीचं एक गुलाबी खेळणं होतं, मैत्रिणींना संदेश पाठवण्याचं. त्यात थोडा फेरफार करून कामकारने त्याचं ‘ओपनसेसमी’ हे यंत्र बनवलं. सगळे कोड सुटे सुटे पाठवायचे तर अर्ध्या तासाच्या आसपास लागत होते; त्याच्या खेळण्याने ते काम आठ सेकंदांवर आणलं.

त्यातली मुख्य युक्ती मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. जुन्या मोटरीतला ग्राहक संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याची पर्वा करत नाही. आलेल्या ओळीत कुठेही बारा चिन्हं लागोपाठ जुळली की दार उघडतं. म्हणजे एका कोडची शेपटी पुढच्या कोडचं डोकं होऊ शकते. ‘यमाताराजभानसलगं’ या ओळीत हेच केलेलं आहे. लघु-गुरूंचे तीन अक्षरी गण आठ. सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागली असती. ओळ दहाच अक्षरांची आहे आणि ‘यमाता’, ‘मातारा’, ‘ताराज’, ‘राजभा’ असं एकेक अक्षर सरकत गेलं की आठही गण सापडतात, एकही दोनदा न येता. गणितात अशा ओळींना डच गणिती निकोलास द ब्रुइन यांचं नाव आहे. त्यांचा त्यावरचा निबंध १९४६चा. बारा खटक्यांच्या कोडसाठी सुटे लिहिले तर ४९,१५२ चिन्हं होतात, द ब्रुइनच्या ओळीत ४,१०७ पुरतात. चोराचं काम बारा पट सोपं. वृत्तं पाठ करायला लावणाऱ्या गुरुजींना आपण कुलपं उघडायची विद्या शिकवतोय असं कधी वाटलंही नसेल.

कामकारने जे दाखवलं त्याची धास्ती दरवाजा-कंपन्यांनी वीस वर्षं आधीच घेतली होती. १९९०च्या दशकाच्या मध्याला फिरता कोड आला. चेंबरलेन कंपनीने आपल्या पद्धतीला ‘सिक्युरिटी प्लस’ नाव दिलं, जिनीने ‘इंटेलिकोड’. यात प्रत्येक दाबण्याबरोबर रिमोट नवा कोड पाठवतो. रिमोट आणि मोटर या दोघांकडे एक मोजणी चालू असते. मोटर फक्त पुढचा, किंवा पुढच्या काहींपैकी एक कोड मान्य करते. बाजारात असताना खिशात बटण चुकून दाबलं गेलं तरी म्हणूनच बिघडत नाही. वापरून झालेला कोड मात्र मेला. चोराने ऐकलेला संदेश उद्या काही कामाचा नाही.

आणि याच कारणाने गाडीलाही तो काही कामाचा नाही. पहिल्या टप्प्यात गाडी रिमोटची नक्कल करते असं वाटतं, पण फिरत्या कोडची नक्कल होतच नाही. गाडी फक्त इतकं ओळखते, की हा अमुक कंपनीचा, अमुक वारंवारतेवरचा, अमुक पद्धतीचा रिमोट आहे. मग ती त्या पद्धतीने बोलणारा एक स्वतंत्र नवा रिमोट बनते. भाषा कळली, पण सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत नाव अजून नाही. मोटरीवरचं रंगीत बटण म्हणजे ती वही उघडणं आणि गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबणं म्हणजे नाव लिहून घेणं. जुन्या खटक्यांच्या रिमोटला हा दुसरा टप्पा लागत नाही. एखाद्याच्या गाडीत जुळणी ‘एका झटक्यात झाली’ असेल, तर त्याने अभिमान बाळगण्याऐवजी मोटर बदलण्याचा विचार करावा.

फिरता कोडही अभेद्य नाही. मायक्रोचिप कंपनीची ‘कीलॉक’ ही पद्धत अनेक गॅरेजांत आणि गाड्यांत होती. ती मुळात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली. २००८मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की उत्पादकाची मुख्य किल्ली एकदा चिपमधून काढली की रिमोटचे दोनच संदेश दुरून ऐकून त्याची हुबेहूब जुळी प्रत तयार करता येते. कामकारने २०१५मध्येच ‘रोलजॅम’ हे दुसरं यंत्र मांडलं, साधारण ३२ डॉलरच्या सुट्या भागांचं. ते पहिला संदेश मोटरीपर्यंत पोचू देत नाही, स्वतः टिपून ठेवतं. माणूस वैतागून पुन्हा दाबतो, तेव्हा दुसरा संदेश टिपून पहिला सोडतं. दार उघडतं, माणूस खूश, आणि एक न वापरलेला कोड चोराच्या खिशात. तरीही चोर बहुधा इतके कष्ट घेत नाहीत. गॅरेज फोडण्याची सोपी रीत म्हणजे बाहेर उभ्या गाडीत शिरून बटण दाबणं. गाडीच चोरली तर डॅशबोर्डच्या कप्प्यात नोंदणीचा कागद असतो, त्यावर घराचा पत्ता.

आता त्या शिडीवरल्या बटणाच्या रंगाकडे वळायला हवं. चेंबरलेन आणि तिच्याच ‘लिफ्टमास्टर’ या ब्रँडच्या मोटरींवर ते हिरवं, नारिंगी-लाल, जांभळं किंवा पिवळं असतं. हिरवं आणि नारिंगी-लाल ३९० मेगाहर्ट्‌झवर चालतं, जांभळं ३१५वर, आणि पिवळं ३१०, ३१५ व ३९० अशा तिन्हींवर. ही उडी कशासाठी, याचं उत्तर लष्करात आहे.

अमेरिकेत ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कित्येक दशकं सरकारच्या, मुख्यतः संरक्षण खात्याच्या नावावर होता, पण फारसा वापरात नव्हता. गॅरेजचे रिमोट तिथे बिनपरवाना, कमी ताकदीने गुजराण करत होते. नियम स्पष्ट होता : बिनपरवाना यंत्राने परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्याकडून होणारा त्रास मुकाट सोसायचा. २००४मध्ये फ्लॉरिडातल्या एग्लिन हवाई तळावर नव्या लष्करी वायरलेस संचांची चाचणी सुरू झाली आणि आसपासच्या वस्तीतले गॅरेजचे रिमोट गप्प झाले. २००६च्या अखेरीस कोलोरॅडो स्प्रिंग्जलाही तोच प्रकार घडला. शायान पर्वताखालचं लष्करी केंद्र तिथून जवळच आहे. काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेला त्याआधीच, २००५मध्ये, या प्रश्नावर अहवाल लिहावा लागला होता. चूक कुणाचीच नव्हती. गॅरेजवाले परक्या आवारात तंबू ठोकून बसले होते एवढंच. कंपन्या मुकाट ३१५वर सरकल्या, पुढे तीन वारंवारतांवर एकदम बोलू लागल्या. जांभळं आणि पिवळं बटण आलं ते असं.

पिवळ्या बटणाने गाडीवाल्यांना आणखी एक डोकेदुखी दिली. ‘सिक्युरिटी प्लस २.०’ ही पद्धत २०११च्या सुमारास आली. त्याआधी बनलेल्या अनेक गाड्यांतल्या होमलिंकला ती ठाऊकच नाही. जुन्या होंडा ओडिसीत किंवा टोयोटा सिएनात पहिला टप्पा नीट पार पडतो, दिवा भराभर लुकलुकतो, आणि दुसऱ्या टप्प्यात तीस काय, तीनशे सेकंद बटण दाबलं तरी दार हलत नाही. अशा वेळी पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. मध्यस्थ म्हणून एक छोटी डबी मिळते. ती गाडीची जुनी बोली ऐकते आणि मोटरीला नव्या बोलीत निरोप देते. जुनी गाडी ठेवून नवी मोटर बसवलेल्यांना ही डबी बहुधा लागते, पण मोटर विकणारा ते क्वचितच सांगतो.

होमलिंकचा स्वतःचा प्रवासही मिशिगन राज्यातल्या एका कोपऱ्यात घडला. हॉलंड गावातल्या प्रिन्स कॉर्पोरेशनने ही यंत्रणा काढली. सनव्हायझरमध्ये दिवा असलेला आरसा बसवून ही कंपनी नावारूपाला आली होती, त्यामुळे गॅरेजची बटणंही पहिल्यांदा सनव्हायझरवर बसणं साहजिकच. संस्थापक एडगर प्रिन्स १९९५मध्ये वारले. पुढच्याच वर्षी जॉन्सन कंट्रोल्सने कंपनी विकत घेतली. २०१३मध्ये होमलिंक शेजारच्या झीलंड गावातल्या जेंटेक्सकडे गेली, सुमारे ७० कोटी डॉलरना. जेंटेक्स रात्री मागच्या दिव्यांनी आपोआप काळवंडणारे आरसे बनवते. तीन बटणंही अनेक गाड्यांत सनव्हायझरवरून आरशाखाली सरकली.

मधल्या काळात लिअर कंपनीने ‘कार टू यू’ नावाची स्वतःची यंत्रणा आणली, तेव्हा चेंबरलेन आणि जॉन्सन कंट्रोल्स दोघांनी मिळून तिच्यावर पेटंटचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने लिअरला मनाई केली. २००८मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ती उठवली.

त्याहून महत्त्वाचा खटला मात्र चार वर्षं आधीचा. कॅनडातल्या स्कायलिंक कंपनीने एक सर्वोपयोगी रिमोट काढला होता. चेंबरलेनचा फिरता कोड न फोडताच तो दार उघडायचा. मोटर आणि रिमोटची मोजणी चुकली तर ती पुन्हा जुळवण्याची जी सोय मोटरीत होती, तिचाच तो फायदा घ्यायचा. चेंबरलेनने १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा आधार घेतला. मोटरीतला प्रोग्राम आमचा, त्याच्यावरचं कुलूप स्कायलिंकने चुकवलं, असा तिचा दावा होता. गाणी आणि चित्रपट चोरीपासून वाचवण्यासाठी केलेला कायदा गॅरेजच्या दाराला लावायचा हा प्रयत्न. ३१ ऑगस्ट २००४ला फेडरल सर्किटने तो फेटाळला. ज्याने दार विकत घेतलं त्याला ते उघडण्याचा हक्क आहे. कॉपीराइटच्या उल्लंघनाशी ज्याचा संबंधच नाही अशा गोष्टीला हा कायदा लागत नाही, असं न्यायालयाने धरलं. शाईची काडतुसं, ट्रॅक्टर, फोन यांच्या दुरुस्तीच्या हक्काबद्दल पुढे जे वाद झाले, त्यांत या निकालाचा दाखला वारंवार दिला जातो.

घराचं दार कुणाच्या रिमोटने उघडायचं हे कंपनी ठरवणार की घरमालक, हा प्रश्न त्या दिवशी मिटला असं वाटलं होतं. तो आता इंटरनेटवरून परत आला आहे. चेंबरलेनच्या ‘मायक्यू’ ॲपने फोनवरून दार उघडता येतं, पण फोनचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून मोटरीकडे येतो. अनेक हौशी लोकांनी ‘होम असिस्टंट’सारख्या घरगुती प्रणाली तिला जोडल्या होत्या. २०२३च्या शरदात कंपनीने बाहेरच्यांची ही वाट बंद केली. अधिकृत ॲपबाहेरून येणारे जेमतेम ०.२ टक्के वापरकर्ते अर्ध्याहून अधिक वर्दळीला कारणीभूत होते, असं तिचं म्हणणं. सर्व्हर कंपनीचा, तेव्हा तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण दार घरमालकाचं. हौशी मंडळींनी मग ‘रॅटगडो’ नावाची एक छोटी पाटी थेट मोटरीच्या तारांना जोडायला सुरुवात केली. ती घरातल्या वायफायवर चालते, बाहेर कुणाला विचारत नाही.

गाड्यांतही हेच वारं आहे. टेस्लाने २०१९मध्ये मॉडेल ३मधून होमलिंक काढून घेतलं आणि सुरुवातीला ३०० डॉलरला वेगळं विकायला ठेवलं. पुढे मायक्यूची सोयही आली, वर्गणीवर. टेस्लाची सोय आहे मोठी गमतीची : घराचं ठिकाण उपग्रहावरून ओळखून गाडी गल्लीत शिरताच दार आपोआप उघडतं, बाहेर पडताना बंद होतं. घरापुढून नुसतं जाणाऱ्यालाही ती ओवाळून आत घ्यायला तयार असते. मग पडद्यावर ‘या वेळी नको’ असं बोट ठेवावं लागतं. या सगळ्याच्या तुलनेत आरशाखालचं बटण मागासलेलं दिसतं. त्याला सर्व्हर नाही, खातं नाही, मासिक वर्गणी नाही. कंपनी बुडाली तरी ते दार उघडत राहतं. किचकट जुळणीचा एक तास हा त्या स्वातंत्र्यासाठी फार मोठा मोबदला म्हणता येत नाही.

बटण दाबताना दार नजरेच्या टप्प्यात हवं, हा आग्रह पुस्तिका धरतात तो उगाच नाही. हे दार माणूस चिरडू शकतं. लहान मुलं खाली सापडून दगावल्याच्या घटनांनंतर काँग्रेसने १९९०मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९३पासून बनवल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती मोटरीला अडथळा ओळखणारी दुसरी व्यवस्था बंधनकारक झाली. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन ‘डोळे’ दिसतात, ते यातूनच. मधला किरण तुटला की खाली येणारं दार उलटं फिरतं. होमलिंकची पुस्तिका त्याहून मागे जाते : १ एप्रिल १९८२पूर्वीच्या, अडथळ्याला थांबून उलट न फिरणाऱ्या मोटरीला ही यंत्रणा जोडूच नये, असं ती बजावते. जुनं घर घेतलेल्यांनी जुळणीच्या आधी दाराखाली जमिनीवर एक फळी आडवी ठेवून दार तिला टेकताच माघारी वळतं का, हे पाहावं.

वीज गेली तर? २०१७च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा वीज गेलेल्या घरांत काहींना आपलंच गॅरेज उघडता येईना. मोटर सुटी करायची लाल दोरी छताला असते, पण अंधारात, धुरात, वयस्कर माणसाला जड दार हाताने उचलणं कठीण. त्यानंतर राज्याने कायदा केला आणि १ जुलै २०१९पासून तिथे नव्या मोटरीला बॅटरीची जोड सक्तीची झाली. ती दोरी कुठे आहे आणि ओढल्यावर काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवावं.

महाराष्ट्रात या तीन बटणांना फारसं काम नाही. इथे गाडी सोसायटीच्या पार्किंगात उभी राहते, फाटकाशी वॉचमन असतो, नव्या संकुलांत काचेवरचा टॅग ओळखून अडसर वर जातो. बंगल्यांच्या सरकत्या फाटकांना मात्र आता सर्रास मोटरी बसतात आणि त्यांचे रिमोट बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर चालतात. यातल्या स्वस्त संचांत कायम एकच कोड पाठवणारी चिप असते. बाजारात चावीवाल्याकडे ‘कॉपी रिमोट’ चटकन करून मिळतो, तो त्यामुळेच. अमेरिकेने १९९०च्या दशकात सोडून दिलेली पद्धत इथे नव्या बंगल्यांना लागते आहे. फाटकाची मोटर घेताना विक्रेत्याला ‘रोलिंग कोड आहे का’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेत गाडी विकताना फोनची नावं पुसायला लोक शिकले आहेत, गॅरेज मात्र विसरतात. कडेची दोन बटणं दाबून धरली की गाडीतली आठवण जाते. पण गाडी चोरीला गेली असेल किंवा विकून झाल्यावर आठवलं असेल, तर उपाय मोटरीवर आहे. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या मोटरींवरचं तेच रंगीत बटण सहाएक सेकंद, शेजारचा दिवा विझेपर्यंत दाबून धरलं, की तिच्या स्मृतीतले सगळे रिमोट पुसले जातात. एकेक निवडून पुसण्याची सोय सहसा नसते. त्यानंतर घरातला प्रत्येक रिमोट, भिंतीवरचा आकड्यांचा संच आणि दुसऱ्या गाडीतलं बटण पुन्हा एकेक करून नोंदवावं लागतं. भाड्याच्या घरात राहायला आलेल्याने हे पहिल्याच दिवशी, घरमालकाला सांगून करून घ्यावं; आधीच्या किती भाडेकरूंच्या गाड्या अजून त्या मोटरीला ओळखीच्या आहेत, हे मोटरीकडे पाहून कळत नाही.